साध्या पाण्याची फेरी

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा तपासनिसाने तो उचलला. पहिल्या दोन वेळा उचलला नव्हता, कारण समोरच्या मीटरच्या तपासणीची फेरी संपायला दोन मिनिटं उरली होती, आणि फेरी चालू असताना काट्यावरची नजर काढायची नाही हा त्याचा सत्तावीस वर्षांचा नियम होता. आकडा कागदावर उतरवला, बाजूला वेळ लिहिली, आणि मग तो म्हणाला, "हं, बोल." पडद्यावर बायकोचा नंबर होता.

पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "हॅलो, इथे फोनमध्ये नावाच्या जागी नुसतं 'अहो' लिहिलंय. तुम्ही यांचे मिस्टर का?"

औषधांच्या दुकानातला माणूस होता तो. बाई काउंटरपाशी उभ्या होत्या, डोकं दुखतंय म्हणून गोळी मागितली, पाणी मागितलं आणि खाली बसल्या. बसल्या त्या उठल्याच नाहीत. गाडी बोलावून त्याने त्यांना रुग्णालयात पाठवलं होतं. तपासनीस तिथे पोचला तेव्हा डॉक्टरांनी काही बोलायच्या आधी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. खुर्ची सरकवली तेव्हाच त्याला कळलं.

पुढे कधीतरी त्याने डॉक्टरांना त्या दोन मिनिटांबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटांनी काय, दोन तासांनीही फरक पडला नसता. डोक्यातली शीर फुटली होती. तपासनिसाने मान हलवली. आकडे त्याला पटत. पण पटणं वेगळं आणि जेवण जाणं वेगळं.

त्याचं काम विजेची मीटरं तपासायचं. एका सरकारी प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर त्याची खोली होती. मीटरं संपली की उरलेलं काम दाव्यांचं. कोणी नवं यंत्र काढलं, त्याला सरकारी मान्यता हवी असली, की ते खोकं फिरत फिरत शेवटी त्याच्या टेबलावर यायचं. चुंबकांवर आपोआप फिरणारं चाक, पाण्यावर पेटणारी शेगडी, विजेचा वापर निम्म्यावर आणणारी काळी डबी, असलं सगळं त्याने पाहिलं होतं. चाक हाताने ढकलल्यावर चालायचं आणि मग थांबायचं. शेगडीच्या तळाशी तेल निघायचं. डबीत एक दिवा आणि मूठभर वाळू. तरी तो कोणाला हसला नाही. सहकाऱ्यांना तो सांगायचा, "लबाड फार थोडे असतात रे. बाकीचे आधी स्वतःच फसलेले असतात, आणि मग ते दुसऱ्याला इतक्या प्रेमाने फसवतात की त्यांच्यावर रागावताही येत नाही."

हसला नाही म्हटलं खरं, पण एकदा घरी चुकला होता.

बायकोचा धाकटा भाऊ पंप दुरुस्त करायचा. लहानपणापासून एका जागी पंधरा मिनिटं टेकायचा नाही, म्हणून बहिणीने त्याचं नाव इंजिन ठेवलं होतं. आता छप्पन्न वर्षांचा झाला, डोक्यावर केस उरले नाहीत, तरी नाव तेच. अकरा वर्षांपूर्वी एका मुलामा देणाऱ्या कारखान्यात पंप उघडायला गेला असताना त्याला दिसलं, की एक टाकी तिच्यात सोडलेल्या विजेच्या मानाने जास्त गरम राहतेय. झालं. सुतावरून स्वर्ग. महिनाभरात तो काचेची बरणी घेऊन दारात उभा. बरणीत क्षाराचं पाणी, पाण्यात धातूच्या दोन पट्ट्या, पट्ट्यांना तारा.

"भाऊजी, वीस वॅट वीज घालतो, बावीस वॅटची उष्णता निघते. दोन वॅट कुठून येतात, सांगा!"

तपासनीस जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "असे महिन्याला तीन येतात माझ्याकडे."

इंजिनचा चेहरा एकदम उतरला. वाढता वाढता बायकोचा हात थांबला.

"मग या चौथ्याला तुम्ही हात लावू नका," ती म्हणाली. "मी बघते."

ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. तीस वर्षं तिने मुलांच्या परीक्षानळ्या धुतल्या, ताजवे पुसले, आणि मास्तर चुकले तर हळूच त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. रकाने आखल्याशिवाय ती किराण्याची यादीही करायची नाही. मागची सामानाची खोली तिने रिकामी केली. जेमतेम दोन माणसं मावतील अशी, खिडकी नसलेली. तिथे एक टेबल, एक स्टूल, थर्माकोलचं खोकं, आणि खोक्यात भावाची बरणी.

"तयार झालं की बोलावीन," तिने नवऱ्याला सांगितलं. "तोवर परीक्षकांनी बाहेर बसावं."

तो बाहेर बसला. सुट्टीच्या दिवशी दार बंद व्हायचं ते सहा तासांनी उघडायचं. ती निवृत्त झाल्यावर आठवड्यातून चार दिवस. तो पेपर वाचायचा, चहा करायचा, तिचा कप दाराबाहेर स्टुलावर ठेवून टकटक करायचा. कधी विचारायचा, "काय म्हणतंय तुमचं पाणी?"

आतून आवाज यायचा, "म्हणतंय, जरा कळ काढा."

त्याने अकरा वर्षं कळ काढली. तिने बोलावलंच नाही.

ती गेल्यावर पाच आठवड्यांनी इंजिन आला. दारात चपला काढायला त्याला इतका वेळ कधी लागला नव्हता. आत आला, उभाच राहिला, आणि खिशातून घडी घातलेलं पत्र काढून टेबलावर ठेवलं.

एका संशोधन संस्थेचं पत्र होतं. कुणी विचारत नाही असे उष्णतेचे जुने दावे गोळा करून ते उघडपणे मोजायचं संस्थेने ठरवलं होतं. चूक असेल तर चूक म्हणून छापणार, खरं असेल तर खरं म्हणून. अट एवढीच, की दाव्याबरोबर मोजमाप कळणाऱ्या माणसाचा तपासणी अहवाल हवा. चार फेऱ्यांचे आकडे हवेत. मुदत महिनाअखेर.

"मी ताईच्या नावाने अर्ज केला होता. ती असतानाच," इंजिन म्हणाला. "तिचं नाव आधी, माझं नंतर. तुम्ही मोजा."

"मी घरचा माणूस. माझं मोजमाप कोण मानेल?"

"नातं लिहायला रकाना आहे. मी लिहिलंय, नवरा. ते म्हणाले, लपवू नका म्हणजे झालं. त्यांना पुन्हा मोजायचंच आहे."

"आणि उलटं निघालं तर?"

इंजिन खिडकीपाशी गेला, परत आला, टेबलावरची किल्ली उचलून खाली ठेवली. "भाऊजी, तिची अकरा वर्षं आहेत त्यात. माझं जाऊ द्या. माझं काय, मी पंप उघडीन. पण ती एवढी वर्षं उगाच त्या कोंदट खोलीत बसली, असं होऊ देऊ नका."

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. रोज संध्याकाळी फोन करायची. तिला मामाने आधीच सांगून ठेवलं होतं.

"बाबा, आईचं नाव कुठेतरी छापून येईल. फार कडक होऊ नका हं."

"कडक म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यासारखं."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याने मागच्या खोलीचं दार उघडलं. टेबलावर तपकिरी कागदाची कव्हरं घातलेल्या सात वह्या रांगेने ठेवलेल्या होत्या. त्याने पहिली उघडली, आणि तीन दिवस तो दुसरं काहीच करू शकला नाही.

तारीख, वेळ, सकाळचं खोलीचं तापमान, वीज किती घातली, दर अर्ध्या तासाला बरणीचं तापमान, शेवटी हिशेब. कुठे खाडाखोड नाही; चुकलेला आकडा एका रेघेने कापून शेजारी बरोबर लिहिलेला, म्हणजे चूकही वाचता यावी. त्याच्या हाताखाली शिकलेल्या चार माणसांपैकी एकालाही असं लिहिता येत नव्हतं. आणि उजवीकडे शेवटचा रकाना, शेरा. 'वरच्या मजल्यावर फरशी फोडतायत.' 'इंजिन आला, बसला नाही.' 'पाय सुजले.' 'अहो बाहेर खोकतायत. सांगूनही काढा घेत नाहीत.' मोजमापाच्या वहीत असलं लिहायचं नसतं, असं तो कोणाही शिकाऊ माणसाला म्हणाला असता. इथे तो पानामागून पान शेरेच वाचत राहिला.

मग कामाला लागला. खोलीतलं वीज मोजायचं मीटर आपल्या प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. बरोबर. थर्मामीटर बर्फात आणि उकळत्या पाण्यात घालून पाहिला. बरोबर. बेरजा-वजाबाक्या पुन्हा केल्या. बरोबर. क्षाराच्या पाण्याच्या दोनशे चौऱ्याऐंशी फेऱ्यांत सरासरी दोन वॅट उष्णता जास्त. आणि कोऱ्या फेऱ्या, ज्यांना ती 'साध्या पाण्याची फेरी' म्हणायची, म्हणजे त्याच बरणीत साधं पाणी घालून तेवढ्याच विजेने नुसतं तापवायचं, त्या एकशे दहा. त्यांत जास्तीचं काही नाही. शून्याच्या आसपास.

रीतीप्रमाणे हे दाव्याच्या बाजूचं होतं. खुर्चीत मागे टेकून बसला तेव्हा त्याला जाणवलं, की आपण मनातल्या मनात अहवालाचं पहिलं वाक्य जुळवतोय, आणि ते वाक्य चांगलं आहे. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच एखादा दावा खरा निघावा असं त्याला वाटत होतं. असं वाटायला लागलं की माणसाने स्वतःचीच तपासणी आधी करावी, हे तोच दुसऱ्यांना शिकवायचा.

तो पुन्हा वह्यांकडे वळला. भावाने घेतलेल्या फेऱ्या तिने वेगळ्या शाईने लिहिल्या होत्या. त्या तीस-एक होत्या, आणि त्यांत जास्तीची उष्णता जेमतेम अर्धा वॅट. त्याने इंजिनला फोन लावला.

"तुझ्या हातून कमी का यायचं रे?"

"ते तसंच होतं," इंजिन म्हणाला. "ताईचा हातगुण. मी म्हणायचो तिला, तुझा हात लागला की पाणी ऐकतं."

"आणि ती काय म्हणायची?"

"म्हणायची, हातगुण वहीत कुठल्या रकान्यात लिहू?"

तपासनिसाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. हातगुण हा शब्द त्याच्या टेबलावर फार वेळा आलेला होता. ज्या दाव्याला हातगुण लागतो, त्याला कुठेतरी भोक असतं.

ते सापडलं सहाव्या वहीत. दोन वर्षांपूर्वीची एक फेरी. जास्तीची उष्णता चार पूर्णांक एक वॅट, अकरा वर्षांतली सर्वांत मोठी. इंजिनने त्या आकड्याभोवती लाल पेनाने वर्तुळ काढून तीन उद्गारचिन्हं टाकली होती. शेऱ्यात बायकोचं अक्षर: 'लेक सोबत. खूप बोललो.'

तो बराच वेळ त्या दोन वाक्यांकडे बघत राहिला. मग लेकीला फोन केला. दुपार होती, ती कामावर होती.

"बाबा? बरं आहे ना सगळं?"

"दोन वर्षांपूर्वी तू सुट्टीला आली होतीस तेव्हा आईबरोबर मागच्या खोलीत बसली होतीस का?"

"हो. पूर्ण दिवस. का?"

"कुठे बसली होतीस?"

"कुठे म्हणजे, खाली. स्टूल एकच. आईच्या गुडघ्यांना पाठ टेकून बसले होते. तिने माझे केस विंचरले, मी लहान असल्यासारखे. तुमच्याबद्दलही बोललो, पण ते सांगणार नाही."

"दार?"

"बंद. वारा आला की आकडे बिघडतात म्हणायची. घाम फुटला होता मला."

"आणि साध्या पाण्याच्या वेळी? तेव्हा कोण बसायचं?"

"कोणीच नाही. क्षाराचं पाणी फेसाळून उतू जाईल म्हणून बसावं लागायचं. साध्या पाण्याची काय राखण करायची, म्हणायची. दार लावून स्वयंपाकाला लागायची." ती थांबली. "बाबा, काय झालं?"

"काही नाही. जेवलीस का?"

"बाबा."

"जेवून घे आधी."

नुसतं बसलेलं माणूस जुन्या पद्धतीच्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता देतं. मोठ्या खोलीत ते कोणाला कळत नाही. पण खिडकी नसलेल्या, बंद दाराच्या, दोन माणसांच्या खोलीत सहा तास बसलं तर हवा दोन-तीन अंशांनी तापते. हवा तापली की बरणीची उष्णता बाहेर कमी जाते, बरणी जास्त गरम राहते. खोलीचं तापमान तिने लिहिलेलं सकाळचं, एकदाच. क्षाराच्या पाण्याजवळ ती बसायची, साध्या पाण्याजवळ कोणी नाही. इंजिन टेकायचाच नाही, आत-बाहेर करायचा, दार उघडायचा; म्हणून त्याचा अर्धा वॅट. आणि लेक आली त्या दिवशी दोघी होत्या, म्हणून दुप्पट.

त्याने अंदाजावर सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्यातल्या बरणीत साधं पाणी भरलं, वीस वॅट सुरू केले, आत गेला, दार लावलं आणि तिच्या स्टुलावर बसला. स्टूल त्याला बुटकं होतं, गुडघे टेबलाला लागत होते. दर अर्ध्या तासाला आकडा लिहायचा, मधल्या वेळात काही नाही. पहिल्या तासात तो भिंत बघत होता. तिसऱ्या तासात त्याच्या लक्षात आलं, की इथून स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ, बाहेरच्या घड्याळाची टिकटिक, सगळं स्वच्छ ऐकू येतं. आपण पेपर उलटायचो तेही तिला ऐकू येत असणार. आपण उठलो, बसलो, खोकलो, सगळं.

सहा तासांनी हिशेब केला. साध्या पाण्यात एक पूर्णांक नऊ वॅट जास्त.

अकरा वर्षं जे दोन वॅट इंजिन शोधत होता, ते तिच्या अंगाचे होते.

तो लगेच उठला नाही. बाहेर गेलं की दार उघडणार, आणि दार उघडलं की हवा निघून जाणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. हवा त्याचीच होती, तिची नव्हे, हे त्याला कळत होतं. तरी बसला.

आता इंजिनला सांगायचं कसं? फोनवर नाही सांगवलं. रविवारी बोलावलं. इंजिन आला तो नवी तार, नवा चिमटा, सगळं घेऊन.

"क्षार मोजून आणलाय," तो म्हणाला. "आज पक्की फेरी घेऊ."

"आज साधं पाणी लावलंय," तपासनीस म्हणाला. "तू आत बस माझ्याबरोबर. सहा तास. उठायचं नाही."

"साध्या पाण्यापुढे? सहा तास? भाऊजी, मला शिक्षा कसली?"

"बस म्हटलं ना."

इंजिन बसला. खाली, भिंतीला टेकून. पहिल्या अर्ध्या तासात तीनदा उठायला गेला आणि तीनदा तपासनिसाने नुसतं बघितलं. मग त्याचे पाय शांत झाले. मग तो बोलायला लागला. ताईने त्याला सायकल शिकवताना मागून सोडून दिलं होतं आणि तो पडल्यावर त्याच्याआधी तीच रडली होती. वडील मारायला आले की ती मध्ये उभी राहून म्हणायची, आधी कारण सांगा. लग्न ठरलं तेव्हा तिने भावाला खाजगीत सांगितलं होतं, माणूस फार बोलत नाही, पण खोटंही बोलत नाही, चालेल.

"चालेल?" तपासनीस म्हणाला. "एवढंच?"

"तिच्या मानाने ते फार झालं. मला तर ती आयुष्यभर 'बरा आहेस' याच्या पुढे गेली नाही."

दोघे हसले. खोलीत उकडत होतं. इंजिनने शर्टाचं वरचं बटण काढलं. आकडे तपासनीस लिहीत होता, इंजिन बघत नव्हता. साध्या पाण्यात बघण्यासारखं काय असणार?

शेवटचा आकडा झाल्यावर तपासनिसाने वही त्याच्या मांडीवर ठेवली. "हिशेब तू कर."

इंजिनने केला. पुन्हा केला. बोटाने रकाना वरून खाली तपासला.

"तीन पूर्णांक नऊ," तो म्हणाला. "हे साधं पाणी आहे?"

"साधं. नळाचं."

इंजिनने आधी बरणीकडे बघितलं, मग बंद दाराकडे, मग स्वतःच्या भिजलेल्या शर्टाकडे. पंप उघडणारा माणूस, गळती कुठे आहे हे त्याला सांगावं लागत नाही. त्याने वही मिटली.

"म्हणजे ताईच," तो म्हणाला.

तपासनिसाने मान हलवली.

मग इंजिन उठला, आणि त्याचा आवाज चढला. "तुम्हाला किती दिवस लागले हे काढायला?"

"आठवडा."

"आठवडा! अकरा वर्षांत एकदा जरी हे दार उघडून आत आला असतात, तर पाच मिनिटांत कळलं असतं तुम्हाला."

"तिने बोलावलं नाही."

"नाही बोलावलं म्हणून आलात नाहीत? बायको म्हणजे काय सरकारी कचेरी आहे, बोलावणं आल्यावर जायला?"

तपासनीस स्टुलावर तसाच बसून राहिला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

इंजिनने कपाळाचा घाम पुसला. त्याचा राग नेहमीसारखाच, भरकन चढला आणि भरकन उतरला. "मी म्हणायचो तिला, बोलाव भाऊजींना, दाखव. तर म्हणायची, थांब, अजून एक आकडा पक्का होऊ दे. त्यांच्यासमोर चूक निघायला नको. बाकी कोणाहीसमोर निघू दे, म्हणायची."

हे मात्र तपासनिसाला बसल्या जागी सोसवेना. तो उठून दाराशी गेला, कडीवर हात ठेवला, आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला. जेवता जेवता मान वर न करता टाकलेलं एक वाक्य, आणि तिने ते अकरा वर्षं दार लावून धरलं होतं. तिची चूक निघाली असती तर तो काय म्हणाला असता? काही नाही. शेजारी दुसरं स्टूल टाकून बसला असता. हे तिला कधी सांगायचं राहूनच गेलं होतं, कारण हे सांगावं लागतं असं त्याला वाटलं नव्हतं.

इंजिन मागून आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, भाऊजी. मीही मूर्खच. एका जागी बसलो असतो तर मलाही कळलं असतं."

बाहेर येऊन त्यांनी चहा केला. इंजिनने दोन कप काढायच्या ऐवजी तीन काढले, आणि एक गुपचूप परत ठेवला.

"अहवालात काय लिहिणार?" त्याने विचारलं.

"झालं ते."

"मग ताईचं नाव काढा. चुकीला कशाला तिचं नाव?"

"नाव राहील," तपासनीस म्हणाला. "माझ्याकडे हजार दावे आले. एकानेही लिहून ठेवलं नव्हतं, की त्या दिवशी खोलीत कोण होतं. आपलाच दावा पाडेल असं कोणी लिहीत नाही. तिने लिहिलं. ते लिहिलं नसतं तर मला जन्मात सापडलं नसतं, आणि मी खुशाल सही केली असती. करणारच होतो."

"तुम्ही?"

"वाक्यसुद्धा तयार होतं."

इंजिनने त्याच्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदा पाहिल्यासारखं. मग म्हणाला, "छापतील का ते, 'लेक सोबत, खूप बोललो'?"

"मी जसंच्या तसं देणार आहे. छापायचं की नाही ते त्यांनी बघावं."

संध्याकाळी लेकीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. म्हणाली, "म्हणजे त्या चारातले दोन माझे होते?"

"दोन तुझे."

"आणि दोन आईचे." मग म्हणाली, "बाबा, ते लाल वर्तुळ असू दे. खोडू नका."

अहवालातले तीन रकाने त्याच आठवड्यात भरले. साधं पाणी, खोली रिकामी: तिच्या वह्यांमधून. साधं पाणी, एक माणूस: तो स्वतः. साधं पाणी, दोन माणसं: तो आणि मेहुणा. चौथी फेरी खरी. क्षाराचं पाणी, दार बंद, आत कोणी नाही, तापमान बाहेरून वाचायचं. त्याशिवाय दावा खोटा असं म्हणता येत नाही. चूक सापडली एवढंच म्हणता येतं, आणि या दोन गोष्टींतला फरक तपासनिसाला कोणापेक्षाही जास्त ठाऊक होता. संस्थेने कळवलं, चौथ्या फेरीसाठी थांबतो, मुदतीचं बघून घेऊ.

इंजिनने दाराला भोक पाडलं, तार बाहेर ओढली, बाहेरच्या भिंतीवर तापमानाचा पडदा बसवला. बरणी धुतली. क्षार मोजून पुडीत ठेवला. सगळं तयार आहे. रविवारी सकाळी तो येतो, दोघे तार नीट आहे ना ते बघायला आत जातात. दुसरं स्टूल आता आत असतं. तपासनीस तिच्या स्टुलावर बसतो, इंजिन दुसऱ्यावर, आणि एखादी गोष्ट निघते. ती आंघोळीला गेली की किती वेळ लावायची, नाहीतर हिशेब चुकला की जीभ कशी चावायची. बोलता बोलता दुपार होते. तोवर खोली तापलेली असते, आणि तापलेल्या खोलीत फेरी सुरू करता येत नाही, हे दोघांनाही माहीत आहे. मग पुढच्या रविवारी, असं ठरवून इंजिन चपला घालतो.

असे सात रविवार झाले. चौथी फेरी अजून घ्यायची राहिली आहे.